अपेक्षेचं रसायन

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक शोधनिबंध छापून आला. विषय होता सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाब. आपल्याकडचे वैद्य ही मुळी शतकानुशतकं वापरत होते. ती रक्तदाब उतरवते आणि भडकलेल्या मनोरुग्णाला शांत करते, असं कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्येच लिहून ठेवलं होतं. पण पाश्चात्त्य वैद्यकाची नजर तिच्याकडे वळली ती मुख्यतः वकिलांच्या निबंधामुळे. पुढे १९५२मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याचं नाव रेसर्पिन.

रेसर्पिनने रक्तदाब उतरायचा, मनाचा क्षोभही शमायचा. पण काही रुग्णांच्या हालचाली मंदावायच्या, हात थरथरायला लागायचे, चेहऱ्यावरचे भाव पुसले जायचे. ही तर कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची लक्षणं. रेसर्पिन मेंदूत नेमकं करतं काय, हे शोधताना स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या आर्विद कार्लसन यांनी १९५७मध्ये सशांवर एक प्रयोग केला. रेसर्पिन दिल्यावर ससे कान पाडून निपचित पडले. मग कार्लसन यांनी त्यांना डोपा नावाचं द्रव्य टोचलं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते द्रव्य देऊनही त्यांनी पाहिलं होतं. त्याने ससे हलले नव्हते. डोपापासून मेंदूत बनतं डोपामिन. तोवर डोपामिनला स्वतंत्र किंमत नव्हती, नॉरअॅड्रेनलिन तयार होण्याच्या वाटेवरचा एक टप्पा एवढीच त्याची ओळख होती. ते स्वतःच मेंदूतला एक संदेशवाहक आहे, हे कार्लसन यांनी दाखवून दिलं. या कामासाठी त्यांना २००० साली पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडल यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

आज हेच डोपामिन वर्तमानपत्रांत, रील्समध्ये, शाळेच्या पालकसभांत सतत कानावर पडतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ‘आनंदाचं रसायन’ म्हणूनच. ही ओळख चुकीची आहे आणि ती चूक निरुपद्रवी नाही. कंपवाताच्या गोळ्या सुरू झाल्यावर आयुष्यभर काटकसरीने राहिलेल्या आजोबांना लॉटरीचा नाद का लागतो? स्किझोफ्रेनियाच्या औषधाने मनातला संशय विरायला आठवडे का लागतात? दारू सोडलेला माणूस वर्षभराने जुन्या अड्ड्यावरून गेला की का कासावीस होतो? ‘आनंदाचं रसायन’ या समजुतीने यांतलं एकही कोडं सुटत नाही. डोपामिन मेंदूला नेमकं काय कळवतं हे समजलं, तर ही तिन्ही कोडी सुटू लागतात, आणि या माणसांकडे पाहण्याची आपली नजरही बदलते.

मूठभर पेशी, मोठा पसारा

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. त्यांतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी जेमतेम चार ते सहा लाख. बहुतेक सगळ्या मध्यमेंदूत, एकमेकांना लागून असलेल्या दोन भागांत असतात. एक आहे सब्स्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशींतल्या रंगद्रव्यामुळे तो भाग नुसत्या डोळ्यांनाही काळसर दिसतो. दुसरा व्हेंट्रल टेगमेंटल एरिया. पेशी मोजक्या असल्या तरी त्यांचे तंतू दूरवर फाटे फोडत जातात. उंदराच्या मेंदूत अशा एकेका पेशीचा तंतू सगळ्या फाट्यांसकट मोजला, तेव्हा लांबी सरासरी ४७ सेंटिमीटरच्या आसपास भरली. त्यामुळे थोड्याशा पेशी एकाच वेळी मेंदूच्या फार मोठ्या भागाला खबर देऊ शकतात.

या तंतूंच्या चार मुख्य वाटा आहेत. सब्स्टॅन्शिया नायग्रापासून मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटमच्या वरच्या भागाकडे जाणारी वाट हालचाल आणि सवयी सांभाळते. व्हेंट्रल टेगमेंटल एरियाकडून स्ट्रायटमच्या तळाशी असलेल्या न्यूक्लियस अॅकम्बन्सकडे जाणारी दुसरी वाट ओढ आणि प्रेरणेची. कपाळामागच्या मेंदूकडे जाणारी तिसरी वाट विचार, नियोजन आणि क्षणभर गोष्टी मनात धरून ठेवण्याच्या कामी येते. चौथी वाट हायपोथॅलॅमसमध्ये सुरू होते आणि पिट्युटरी ग्रंथीतलं प्रोलॅक्टिन आटोक्यात ठेवते. चारही वाटांवर संदेशवाहक एकच. औषध तोंडावाटे पोटात गेलं की त्याला यांतली एकच वाट निवडता येत नाही. डोपामिनवरच्या औषधांचे बहुतेक अवांछित परिणाम इथूनच येतात.

सुख वेगळं, ओढ वेगळी

‘आनंदाचं रसायन’ ही कल्पना अगदीच निराधार नव्हती. १९५४मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि कळ दाबली की विजेचा सौम्य झटका मिळेल अशी सोय केली. तार ठरावीक भागात असली की उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहायचे. मेंदूतलं सुखाचं केंद्र सापडलं, असं तेव्हा वाटलं. या भागांतून डोपामिनचे तंतू जातात हे पुढे कळलं आणि सुख व डोपामिन यांची सांगड पक्की झाली.

ती सैल केली मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी. गोड चाखल्यावर उंदीर जिभल्या चाटतो, कडू लागलं तर तोंड वेंगाडतो. तान्हं बाळही असंच करतं. या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं. ते उंदीर स्वतःहून खायला जाईनात. पण जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की त्यांच्या तोंडावर पूर्वीसारखाच आवडल्याचा भाव उमटायचा. १९९५मध्ये सिअॅटलच्या रिचर्ड पामिटर यांच्या प्रयोगशाळेत जनुकबदल करून डोपामिनच बनवू न शकणारे उंदीर तयार केले गेले. अन्न समोर असूनही ते उपाशी मरायला टेकायचे. डोपा टोचलं की उठून खायचे.

म्हणजे चव लागते, गोडी वाटते, पण तिच्यासाठी उठावंसं वाटत नाही. आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि डोपामिनचा संबंध मुख्यतः दुसरीशी आहे. कंपवात झालेल्या कितीतरी माणसांना घरचे आळशी म्हणतात, हट्टी म्हणतात. खुर्चीतून उठायला, फोन करायला, ठरलेल्या कार्यक्रमाला निघायला त्यांना जो अमाप वेळ लागतो, तो या प्रयोगांच्या उजेडात पाहायला हवा. त्या माणसाची आवड जागच्या जागी असते. आवडीपासून कृतीपर्यंत नेणारा दुवा क्षीण झालेला असतो.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक

मग डोपामिनच्या पेशी कळवतात तरी काय? याचं सगळ्यांत नेमकं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठातल्या वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या प्रयोगांतून आलं. त्यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीजवळ इलेक्ट्रोड बसवून तिची स्पंदनं नोंदवली. एरवी या पेशी सेकंदाला काही मोजकी स्पंदनं देत असतात. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी जोरात स्पंदू लागे. पुढे रस देण्याआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली. खूण आणि रस यांचा संबंध माकडाच्या लक्षात आला, तसा पेशींचा प्रतिसाद खुणेकडे सरकला. आता खूण दिसताच पेशी उसळायच्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर काहीच व्हायचं नाही. रस पूर्वीइतकाच होता, पण तो अपेक्षेप्रमाणे आला होता. आणि खूण दाखवून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो मिळायला हवा होता बरोबर त्या क्षणी पेशी गप्प व्हायच्या.

१९९७मध्ये शुल्त्झ, पीटर दायान आणि रीड माँटेग्यू यांनी ‘सायन्स’मध्ये याचा अर्थ मांडला. जे मिळालं ते आणि जे मिळेल असं वाटलं होतं ते, यांतला फरक डोपामिन कळवतं. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर स्पंदनं वाढतात, तितकंच मिळालं तर जैसे थे, कमी मिळालं तर घटतात. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी संगणकशास्त्रज्ञांनी जी सूत्रं बांधली होती, त्यांतली फरकाची संख्या आणि या पेशींचं वागणं जवळजवळ हुबेहूब जुळलं.

हा फरक कळल्याशिवाय शिकणं होत नाही. अंदाज बरोबर असेल तर बदलायचं कारण नाही. चुकला तरच पुढचा अंदाज सुधारायचा. त्या सुधारणेची खबर डोपामिन देतं, आणि खबर पोचली की ती कृती घडवणारे जोड घट्ट होतात किंवा सैल पडतात. नव्या नोकरीचा पहिला पगार हातात पडतो तेव्हा जी उसळी येते, ती तिसऱ्या वर्षी त्याच रकमेला येत नाही. आणि पगार चार दिवस लांबला की तोच माणूस अस्वस्थ होतो. रक्कम तीच असते, बदललेली असते ती अपेक्षा.

स्ट्रायटममध्ये ही खबर दोन प्रकारच्या पेशी ऐकतात. डोपामिनचा संदेश पकडणारे रिसेप्टर पाच आहेत आणि त्यांची दोन घराणी आहेत, डी-१ आणि डी-२. डी-१ घराण्याचे रिसेप्टर असलेल्या पेशींना डोपामिन चालना देतं. त्या ‘हे कर’ या बाजूच्या. डी-२ असलेल्या पेशींना ते शांत करतं. त्या ‘हे टाळ’ या बाजूच्या. डोपामिन वाढलं की पहिली बाजू प्रबळ होते आणि दुसरी दबते. डोपामिन घटलं की उलट.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात असताना मायकेल फ्रँक यांनी २००४मध्ये हे कंपवाताच्या रुग्णांत तपासलं. पडद्यावर अनोळखी जपानी अक्षरांच्या जोड्या यायच्या. एक निवडायचं, आणि बरोबर की चूक ते लगेच कळायचं. काही अक्षरं बहुतेक वेळा बरोबर ठरायची, काही बहुतेक वेळा चूक. औषध घेतलेले रुग्ण फायद्याचं अक्षर निवडायला चांगलं शिकले, पण तोट्याचं टाळण्यात कमी पडले. औषध न घेतलेल्या रुग्णांचं नेमकं उलट झालं. ते चुकांमधून जास्त शिकले. आजार एकच आणि खेळही तोच असताना, केवळ गोळी पोटात आहे की नाही यावर माणूस बक्षिसातून शिकतो की फटक्यातून, हे ठरत होतं.

एका आजाराचं औषध

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत स्ट्रायटममधलं डोपामिन फार कमी झालेलं असतं, हे १९६०मध्ये व्हिएन्नातल्या ओलेह होर्निकिविझ आणि हर्बर्ट एरिंगर यांनी दाखवलं. डोपामिन थेट देऊन उपयोग नव्हता, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही; लेव्होडोपा हे डोपाचं रूप ओलांडतं. १९६७मध्ये जॉर्ज कोटझियास यांनी डोपा तोंडावाटे हळूहळू वाढवत मोठ्या मात्रेत दिलं आणि वर्षानुवर्षं जखडलेली माणसं चालू लागली. पुढे लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा आलं. ते लेव्होडोपाचं मेंदूबाहेर डोपामिन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते आणि औषधाची कमी मात्रा पुरते. आपल्याकडच्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. १९३७मध्ये भारतीय संशोधकांनीच ते त्यांतून वेगळं केलं होतं, तेव्हा त्याचा मेंदूशी संबंध कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

कंपवात महाराष्ट्राला परका नाही. मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघरी जाऊन केलेल्या आणि १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्याचं प्रमाण लाखामागे ३२८ इतकं आढळलं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. गोळ्यांच्या वेळा, औषध लागू असल्याचे ‘ऑन’ आणि ते उतरल्याचे ‘ऑफ’ तास यांवर या घरांचा दिवस चालतो. लेव्होडोपाचं रक्तातलं अर्धं आयुष्य सुमारे दीड तास. सुरुवातीला उरलेल्या पेशी ते साठवून हळूहळू वापरतात, त्यामुळे परिणाम टिकतो. पेशी घटत गेल्या की परिणाम गोळीबरोबर चढतो आणि गोळीबरोबरच उतरतो. काही वर्षांनी अनावर हेलकावेही सुरू होऊ शकतात. जेवणाचाही संबंध येतो. प्रथिनांतली काही अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आणि मेंदूच्या वेशीवर एकाच वाहकामार्फत आत जातात. डाळ, पनीर, अंडी, मटण भरपूर असलेल्या जेवणाबरोबर गोळी घेतली, तर काही रुग्णांना ती ‘लागत नाही’. म्हणून डॉक्टर बहुधा ती जेवणाआधी घ्यायला सांगतात.

आता आजोबांच्या लॉटरीचं कोडं. कंपवातात सगळ्या वाटा एकाच वेळी सुकत नाहीत. स्ट्रायटमचा वरचा, हालचालीचा भाग आधी आणि जास्त सुकतो. तळाचा, ओढीचा भाग बराच काळ तग धरून असतो. एकाच धरणातून सगळ्या कालव्यांना पाणी सोडलं, तर कोरड्या शेतात पीक उभं राहतं आणि आधीच ओल असलेल्या शेतात पाणी साचतं. हातपाय हलवायला पुरेशी असलेली मात्रा ओढीच्या भागाला जास्त होऊ शकते. त्यातच प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही कंपवातावरची औषधं डी-२ घराण्यातल्या डी-३ रिसेप्टरांना विशेष चिकटतात, आणि हे रिसेप्टर त्या तळाच्या भागातच दाट असतात. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत अनावर जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वागणं यांपैकी काही ना काही १३.६ टक्के रुग्णांत आढळलं. प्रामिपेक्सोलच्या गटातली औषधं घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के.

हे आकडे प्रत्येक शुभंकराला माहीत असायला हवेत. घरातला सरळमार्गी माणूस चोरून पैसे उडवू लागला की घर आधी हादरतं आणि मग त्याला दोष देतं. तो स्वतः लाजेने गप्प बसतो. फ्रँक यांच्या प्रयोगातलं तत्त्व इथे लागू पडतं. औषधामुळे जिंकण्याची खबर मोठी होऊन पोचते आणि हरण्याची खबर पोचतच नाही. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की अनेकांत हे वागणं ओसरतं. मात्र ते काम डॉक्टरांच्याच हातून, टप्प्याटप्प्याने व्हायला हवं. ही औषधं एकदम बंद केली तर घबराट, नैराश्य, वेदना असा वेगळाच त्रास सुरू होऊ शकतो.

दुसऱ्या टोकाचं औषध

१९५२मध्ये पॅरिसच्या सेंट-अॅन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर दनिकेर यांनी मनोरुग्णांवर क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरलं आणि भ्रम-भास खरोखर ओसरू लागले. कारण कळायला आणखी दोन दशकं गेली. १९७०च्या दशकात टोरांटोचे फिलिप सीमन आणि बाल्टिमोरचे सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं, की औषध डी-२ रिसेप्टरला जितकं घट्ट चिकटतं तितकी त्याची कमी मात्रा पुरते. पुढे पेट स्कॅनमुळे जिवंत माणसाच्या मेंदूत मोजमाप करता आलं. स्ट्रायटममधले साधारण ६५ टक्के डी-२ रिसेप्टर अडवले की गुण येण्याची शक्यता वाढते. ८० टक्क्यांच्या वर गेलं की अंग ताठरणं, थरथर, बसवेना अशी अस्वस्थता सुरू होते. गुण आणि त्रास यांच्यामधली ही पट्टी अरुंद आहे. त्यामुळे ‘जास्त औषध म्हणजे लवकर बरं’ हा हिशेब इथे चालत नाही.

पण डी-२ अडवल्याने संशय कसा कमी होतो? भारतीय वंशाचे मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३मध्ये याचं फार माणुसकीचं स्पष्टीकरण दिलं. डोपामिनची उसळी एखाद्या गोष्टीवर ‘ही महत्त्वाची’ असा शिक्का मारते. मनोविकृतीत ही उसळी कारण नसताना येते. समोरून गेलेल्या बसचा नंबर, शेजाऱ्याचा खोकला, टीव्हीवरच्या निवेदकाचं एखादं वाक्य, सगळंच अर्थपूर्ण, आपल्यालाच उद्देशून वाटू लागतं. या विचित्र अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी मन गोष्ट रचतं, ‘माझ्यावर पाळत आहे.’ तीच भ्रमकल्पना. औषध नवे खोटे शिक्के पडणं थांबवतं, पण आधीच रचलेली गोष्ट पुसत नाही. तिची धार बोथट व्हायला दिवस, आठवडे लागतात. म्हणून औषधाच्या जोडीला बोलणं, धीर, घरच्यांची साथ लागते. औषध मध्येच सोडलं की शिक्के पुन्हा पडू लागतात आणि जुनी गोष्ट जिवंत होते.

डी-२ अडवणारी औषधं ओढीच्या वाटेवरचाही संदेश अडवतात. रुग्ण शांत होतो, पण कधी कधी कशातच रस न घेणारा होतो. प्रोलॅक्टिन वाढून पाळी चुकते. अशा वेळी रुग्ण औषध टाळतो, तेव्हा तो ‘नीट वागत नाही’ एवढंच म्हणून भागत नाही. त्याला काय वाटतं ते डॉक्टरपर्यंत पोचलं, तर मात्रा किंवा औषध बदलता येतं. आणि काही रुग्णांना या औषधांनी गुण येतच नाही. अशा काही रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन वाढलेलंच नसतं, असं मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं आहे. त्यांच्यासाठी क्लोझापिन उपयोगी पडतं. ते डी-२ला सैलसर धरतं आणि इतर अनेक रिसेप्टरांवर काम करतं. एकाच नावाच्या आजारामागे वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि औषधाचा प्रतिसाद हाच कधी कधी त्याचा पहिला पुरावा असतो.

साध्या गोळ्याही यात येतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड हेही डी-२ अडवतं आणि मेंदूत शिरतं. म्हाताऱ्या माणसांना ते बरेच दिवस दिलं तर कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात, आणि ज्याला आधीच कंपवात आहे त्याची प्रकृती बिघडू शकते.

वेग ठरवतो व्यसन

डोपामिन एकदा सोडलं की एक वाहक प्रथिन ते पुन्हा पेशीत ओढून घेतं. कोकेन हे प्रथिन अडवतं. एकाग्रतेचा त्रास असलेल्या मुलांना दिलं जाणारं मिथिलफेनिडेटही तेच प्रथिन अडवतं. मग एक व्यसन आणि दुसरं उपचार कसं? अमेरिकेत नोरा व्होल्कोव यांनी पेट स्कॅनने याचा माग काढला. शिरेतून घेतलेलं कोकेन काही मिनिटांत मेंदूत कळसाला पोचतं. गोळीतलं मिथिलफेनिडेट तासाभराने किंवा त्याहून उशिरा. अचानक आलेली उसळी मेंदू ‘अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त’ अशी वाचतो. संथ चढ तसा वाचला जात नाही. ओढून आणि टोचून घेतलेले पदार्थ इतक्या लवकर का पकडतात, याचं मोठं कारण हा वेग आहे.

शुल्त्झ यांच्या माकडांकडे परत पाहिलं की व्यसनाचा सापळा स्पष्ट होतो. नेहमीचं बक्षीस अपेक्षित झालं की पेशी गप्प होतात. शिकणं पुरं होतं. पण अमली पदार्थ दर वेळी रसायनाच्या जोरावर डोपामिन वाढवतो. त्यामुळे ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ ही खबर दर वेळी जाते आणि शिकणं थांबतच नाही. बेरिज आणि रॉबिन्सन यांच्या मते ओढ वाढत जाते, सुख मात्र वाढत नाही. ‘आता मजा येत नाही, तरी घ्यावीशी वाटते’ हे व्यसनी माणसाचं वाक्य बहाणा नाही. त्याच्या मेंदूचं ते खरं वर्णन आहे. आणि उसळी खुणेकडे सरकलेली असल्यामुळे तो अड्डा, तो मित्र, हातात पडलेली पगाराची रक्कम, यांतलं काहीही ओढ पेटवू शकतं. कोकेनच्या व्यसनींना कोकेनची नुसती चित्रफीत दाखवली तरी स्ट्रायटममध्ये डोपामिन वाढतं, हे व्होल्कोव यांच्या गटाने मोजलं आहे.

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल असतानाच्या उपचारांइतकाच पुढच्या पाठपुराव्यावर भर असतो, त्यामागचं कारण इथे दिसतं. शरीरातून पदार्थ काही दिवसांत निघून जातो. खुणांनी शिकवलेलं मात्र नव्या अनुभवांनी, महिनोन्महिने, पुन्हा शिकावं लागतं. त्या काळात पाय घसरला तर ते उपचाराचं अपयश किंवा माणसाचं चारित्र्य ठरत नाही. उपचार पुन्हा हाती घ्यायची ती वेळ असते.

अपेक्षाही औषध होते

डोपामिन अपेक्षेशी बांधलेलं असेल, तर औषधाबद्दलच्या अपेक्षेनेही ते हलायला हवं. २००१मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कंपवाताच्या रुग्णांना औषध म्हणून निव्वळ मिठाचं पाणी टोचलं. पेट स्कॅनमध्ये त्यांच्या स्ट्रायटममध्ये खरोखर डोपामिन सुटताना दिसलं. २०१०मध्ये याच विद्यापीठात रुग्णांना खरं औषध मिळण्याची शक्यता वेगवेगळी सांगितली गेली, दिली मात्र सगळ्यांना औषध नसलेलीच गोळी. ज्यांना शक्यता ७५ टक्के सांगितली होती, त्यांच्यात डोपामिन ठळकपणे वाढलं. २०१५मध्ये सिनसिनाटीत झालेल्या प्रयोगात ‘हे महाग औषध’ असं सांगून दिलेलं तेच मिठाचं पाणी ‘स्वस्त’ म्हणून दिलेल्यापेक्षा हालचाली अधिक सुधारून गेलं.

याचा अर्थ कंपवात मनाचा खेळ आहे असा होत नाही, पेशी मरतातच. पण शरीरात गेलेली गोळी आणि तिच्याविषयी मनात असलेली आशा यांचा परिणाम एकाच रसायनावर होतो. रुग्णाला धीराने, खरं बोलून, आशा देऊन औषध देणारा डॉक्टर निव्वळ सौजन्य दाखवत नसतो. तो औषधाचा एक भाग स्वतःच्या बोलण्यातून देत असतो. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागांत हाच भाग सगळ्यांत आधी गाळला जातो, ही हळहळण्याजोगी गोष्ट आहे.

फोनचं काय, हा प्रश्न उरतो. १९९८मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन सुटताना मोजलं गेलं. म्हणजे पडद्याचा आणि या रसायनाचा संबंध खरा आहे. पुढच्या स्क्रोलला काय मिळेल हे ठाऊक नसणं हीच तिथली ओढ. पण दोन दिवस फोन बंद ठेवून ‘डोपामिन धुऊन निघतं’ हे खरं नाही. डोपामिन विष नाही, ते साचत नाही, आणि त्याच्याशिवाय आपण ताटापर्यंतही पोचणार नाही. फोन दूर ठेवल्याने फायदा होतो तो खूण नजरेआड गेल्यामुळे. बदल करायचा तर तो खुणांत आणि सवयीत करावा लागतो.

डोपामिनविषयीचं हे ज्ञान मला महत्त्वाचं वाटतं ते एका साध्या कारणासाठी. आळस, हट्ट, बेजबाबदारपणा, वेड, कमकुवत मन, हे शब्द आपण घरातल्या माणसांवर फार सहज फेकतो. यातल्या कितीतरी वागण्यामागे चार-सहा लाख पेशींची चुकलेली खबर असते, आणि कधी कधी ती आपणच दिलेल्या गोळीमुळे चुकलेली असते. म्हणून घरात यांपैकी कुठलंही औषध चालू असेल, तर हालचालींबरोबर वागण्यातला बदलही डॉक्टरांना सांगा: नवा नाद, नवा खर्च, नवी उदासी, नवा संशय. लाजेपोटी लपवू नका आणि रागाच्या भरात औषध बंद करू नका. माणूस बदलला असं वाटेल तेव्हा त्याच्यावर निवाडा देण्याआधी त्याच्या औषधाची मात्रा एकदा तपासून घ्या.